गियरलेस स्कूटरचा बेल्ट घरी बदलताना

दसऱ्याच्या सकाळी वाहन धुऊन-पुसून त्याला झेंडूचा हार घालण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. मात्र, त्याच स्कूटरच्या डाव्या बाजूच्या झाकणाआड फिरणारा रबरी बेल्ट अनेक मालकांनी कधी पाहिलेलाही नसतो. तो तुटून गाडी भर रस्त्यात थांबली, की मगच त्याची ओळख होते. हा बेल्ट करतो काय, तो बदलण्याची वेळ कशी ओळखावी, घरी ते काम कितपत करता येते आणि कोठे हात आवरावा, याची ही माहिती.

गियरऐवजी बेल्ट

गियर बदलण्याचा त्रास नसलेली स्कूटर आपल्याकडे घराघरांत पोहोचविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी पुण्याच्या कायनेटिक समूहाकडे जाते. या समूहाने १९८४ साली जपानच्या होंडा कंपनीशी भागीदारी केली आणि मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या कारखान्यातून ‘कायनेटिक होंडा’ बाहेर पडू लागली. डाव्या मुठीत गियर असणाऱ्या स्कूटरची सवय झालेल्या ग्राहकाला बटण दाबून सुरू होणारी आणि केवळ मूठ पिळून चालणारी गाडी नवलाची वाटली होती. होंडा या भागीदारीतून १९९८ मध्ये बाहेर पडली. तरी गियरलेसची वाट मोकळी झाली होती. आज पेट्रोलवर चालणाऱ्या जवळपास सर्व नव्या स्कूटर याच पद्धतीच्या आहेत.

या गाड्यांत ठरावीक चार किंवा पाच गियर नसतात. पुढे इंजिनाच्या क्रँकवर एक पुली, मागे चाकाजवळ दुसरी पुली आणि दोहोंना जोडणारा, व्ही आकाराच्या छेदाचा रबरी बेल्ट अशी रचना असते. प्रत्येक पुली दोन तबकड्यांची बनलेली असून त्या एकमेकींच्या जवळ-दूर होऊ शकतात. गाडी उभी असताना पुढच्या तबकड्या दूर असतात आणि बेल्ट त्यांच्यामध्ये खोल, आसाजवळ बसलेला असतो. इंजिनाचा वेग वाढला, की पुढच्या पुलीतील छोटे रोलर केंद्रापासून बाहेर फेकले जातात आणि आतील तबकडीला बाहेरच्या तबकडीकडे रेटतात. बेल्ट वर चढू लागतो. त्याची लांबी ठरलेली असल्याने मागच्या पुलीत तो स्प्रिंगचा दाब झुगारून आत उतरतो. परिणामी गाडी कमी गियरमधून जास्त गियरमध्ये जावी तसा वेग वाढतो. फक्त मध्ये टप्पे नसतात. नेदरलँड्समधील ‘डाफ’ कंपनीने १९५८ साली हेच तत्त्व ‘व्हेरिओमॅटिक’ या नावाने छोट्या मोटारीत आणले होते.

म्हणजे हा बेल्ट निव्वळ शक्ती वाहून नेत नाही, तर गियरबॉक्सचेही काम करतो. त्याच्या दोन्ही कडा पुलीच्या तबकड्यांना सतत घासत असतात. त्यामुळे तो झिजणारच आणि ठरावीक काळाने बदलावा लागणारच, हे मालकाने गृहीत धरावे.

थकलेल्या बेल्टची लक्षणे

बेल्ट किती किलोमीटरनंतर बदलावा, हा आकडा प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच अंतिम मानावा. अनेक स्कूटरच्या बाबतीत तो साधारण २० ते २५ हजार किलोमीटरच्या आसपास असतो. दररोज दोघांना घेऊन घाट चढणारी किंवा सिग्नलगणिक थांबत-निघत जाणारी गाडी मात्र बेल्ट त्याआधीही संपवू शकते.

काही लक्षणे चालवतानाच जाणवतात. मूठ पिळली की इंजिनाचा आवाज चढतो. पण गाडी त्या प्रमाणात पळत नाही. पूर्वी सहज गाठता येणारा वेग आता मिळत नाही. याचे कारण असे, की कडा झिजून बेल्ट अरुंद होतो आणि पुढच्या पुलीत पूर्वीइतका वर चढू शकत नाही. उभ्या गाडीतून निघताना धक्के बसणे किंवा डाव्या बाजूने किरकिर ऐकू येणे, ही चिन्हेही दुर्लक्षू नयेत. यातील काही तक्रारी क्लच किंवा रोलरच्या दोषामुळेही उद्भवतात. त्यामुळे झाकण उघडून खात्री करणेच योग्य. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर गाडीने ओढ सोडली, तर झाकणात पाणी शिरून बेल्ट घसरत असल्याची शक्यता असते. अशा वेळी नवा बेल्ट आणण्याआधी आतील भाग कोरडा करून पाहावा.

झाकण उघडल्यावर बेल्ट किंचित वाकवून दात्यांच्या मुळाशी पाहावे. तेथे भेगा असतील, कडेचे धागे सुटले असतील किंवा एखादा दाता निखळला असेल, तर किलोमीटरचा हिशेब न करता बेल्ट बदलावा. तो वरून ठीक दिसला तरी व्हर्नियरने त्याची रुंदी मोजावी आणि पुस्तिकेतील किमान मापाशी ताडून पाहावी.

बेल्ट तुटला, तर मागच्या चाकाला मिळणारी ओढ त्याच क्षणी थांबते. इंजिन चालू राहते. गाडी मात्र पुढे जात नाही. उड्डाणपुलावर किंवा मागून ट्रक येत असताना हा क्षण किती महागात पडू शकतो, हे सांगावयास नको. तुटलेले तुकडे आतील भागांत अडकण्याची शक्यताही असते. काही शे रुपयांची ही वस्तू वेळेवर बदलण्याचे महत्त्व त्यातच आहे.

काम हाती घेण्यापूर्वी

गाडी वॉरंटीत असेल, तर हे काम अधिकृत सेवा केंद्रातच करून घ्यावे. वॉरंटी संपलेली असेल, हाताला पान्यांची सवय असेल आणि अर्धा दिवस मोकळा असेल, तरच घरी विचार करावा. सोमवारी सकाळी ज्या गाडीने कामावर जायचे आहे, ती रविवारी सायंकाळी प्रथमच उघडण्याचे धाडस करू नये.

बेल्ट खरेदी करताना गाडीचे मॉडेल, उत्पादनाचे वर्ष आणि शक्य असल्यास सुट्या भागाचा क्रमांक सोबत न्यावा. दोन गाड्यांचे बेल्ट डोळ्यांना सारखे दिसले, तरी लांबी-रुंदीत काही मिलिमीटरचा फरक असतो आणि तेवढा फरक पुरेसा असतो. घेतलेला बेल्ट उलटा मुरगळू नये किंवा घडी घालून डिकीत कोंबू नये. त्याच्या आतील दोरे दुखावतात.

साधनांमध्ये ८ व १० मिलिमीटरचे टी-पाने, दोन्ही मोठ्या नटांच्या मापाचे सॉकेट, पुली धरून ठेवण्याचा होल्डर आणि टॉर्क रेंच एवढे अत्यावश्यक आहे. जोडीला रबरी हातोडी, ब्रेक क्लीनर, स्वच्छ सुती चिंध्या, हातमोजे आणि तोंडावर बांधण्यास मास्क घ्यावा. होल्डर आणि टॉर्क रेंच घरात नसतात आणि नेमक्या त्या दोन वस्तूंवाचून काम भागविण्याचा मोह होतो. तो टाळावा. ओळखीच्या गॅरेजमधून त्या दिवसापुरत्या त्या मिळू शकतात.

झाकण उघडताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्यावी आणि किल्ली काढून खिशात ठेवावी. काम चालू असताना घरातील लहान मुलाने स्टार्टरचे बटण दाबणे ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. सोसायटीच्या वाहनतळावर काम करणार असाल, तर पुरेसा उजेड आणि खाली अंथरण्यास जुनी चादर असू द्यावी. सांडलेले बारीक वॉशर त्यामुळे हरवत नाहीत.

प्रथम किक असल्यास तिचा दांडा काढावा. झाकणाला जोडलेली हवेची नळी आणि काही गाड्यांत वर बसविलेली एअर फिल्टरची पेटी सैल करून बाजूला घ्यावी. नंतर झाकणाचे बोल्ट काढावेत. हे बोल्ट सर्व एकाच लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून, ज्या जागचा बोल्ट त्याच जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवला, की जोडणीच्या वेळी गोंधळ होत नाही. लांब बोल्ट चुकून आखूड भोकात गेला, तर अॅल्युमिनियमचे आटे मरतात किंवा कवच तडकते.

झाकण निघत नसेल, तर सांध्यात पेचकस घालून ते उचकटू नये. रबरी हातोडीने कडेने हलके ठोके द्यावेत. झाकण सुटताना किकचा छोटा गियर, त्याची स्प्रिंग, तसेच झाकण जुळवून धरणाऱ्या पोकळ पिना खाली पडू शकतात. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र काढून ठेवणे, ही आजच्या काळातील सर्वांत स्वस्त खबरदारी आहे.

आत काळ्या भुकटीचा थर दिसेल. त्यात बेल्टच्या रबराबरोबर क्लचच्या लायनिंगचीही धूळ असते आणि जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्यामुळे ती तोंडाने फुंकू नये आणि हवेच्या दाबानेही उडवू नये. मास्क लावून, ओल्या चिंधीने ती पुसून घ्यावी.

जुना बेल्ट काढणे

पुढच्या पुलीच्या बाहेरच्या तबकडीला बहुतेक गाड्यांत पंख्याची पाती असतात. होल्डरने ही तबकडी तिच्यावरील खाचांत किंवा जाड फासळ्यांत घट्ट धरावी आणि मधला नट सोडवावा. पात्यांमध्ये पेचकस अडकवून नट फिरविण्याचा प्रकार सर्रास दिसतो. पाते मोडले, की तबकडीचा तोल जातो आणि नवी तबकडी घ्यावी लागते. नट निघाल्यावर वॉशर आणि इतर भाग ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने चादरीवर ओळीने मांडावेत.

मागच्या बाजूस वाटीच्या आकाराचा क्लचचा बाहेरचा भाग दिसतो. त्याच्या मध्यभागी असलेला नट सोडवून ही वाटी काढावी. ती होल्डरने धरणे चांगले. ही वाटी गियरमार्गे चाकाशी जोडलेली असल्याने, मदतीला कोणी असेल तर मागचा ब्रेक दाबून धरल्यानेही ती फिरत नाही. पुढच्या पुलीला मात्र ब्रेकचा उपयोग नाही, कारण ती थेट क्रँकवर असते.

आता मागच्या पुलीजवळ बेल्टच्या दोन्ही बाजू एकत्र दाबल्या, की तबकड्या फाकतात, बेल्ट आत उतरतो आणि पुढे तो सैल पडतो. त्यानंतर मागचा संपूर्ण भाग बेल्टसह दांड्यावरून सरळ बाहेर ओढून घ्यावा. जुना बेल्ट लगेच टाकू नये. नव्याशेजारी ठेवून लांबी आणि रुंदी पडताळावी. नवा बेल्ट किंचित रुंद असेल, तो झिजेचा फरक होय. लांबीत ठळक फरक दिसला, तर काम तेथेच थांबवून दुकानात परत जावे.

येथे हात आवरावा

मागचा भाग हाती आल्यावर क्लचच्या पट्ट्यांच्या मध्यभागी आणखी एक मोठा नट दिसतो. बेल्ट बदलण्यासाठी तो सोडविण्याची काहीही गरज नसते. त्याच्याखाली दाबून बसविलेली जाड स्प्रिंग असते. स्प्रिंग दाबून धरण्याच्या खास साधनाशिवाय हा नट सोडविला, तर सर्व भाग जोराने उसळून तोंडावर येऊ शकतात. क्लचची पट्टी झिजली असेल किंवा स्प्रिंग बदलायची असेल, तर हा भाग पिशवीत घालून गॅरेजमध्ये न्यावा.

सफाई आणि तपासणी

दोन्ही पुल्यांच्या तबकड्या ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात. बेल्ट जेथे घासतो तेथे तेल वा ग्रीसचा थेंबही चालत नाही. तबकडीवर बोटाला जाणवणारी खाच किंवा पायरी पडली असेल, तर नवा बेल्टही तेथे लवकर झिजतो. आतील तबकडी काढायची झाल्यास ती मागच्या पत्र्यासह एकत्र धरून काढावी, अन्यथा रोलर आत सांडतात. रोलर गोल असावेत. त्यांची एखादी बाजू सपाट झाली असेल, तर पूर्ण संच बदलावा. पुस्तिकेत स्पष्ट सांगितले असेल, तरच रोलरना ग्रीस लावावे.

आत तेलाचा ओलावा आढळला, तर क्रँकचे किंवा गियरबॉक्सचे सील गळत असण्याचा संभव असतो. त्यावर आधी उपाय करावा. नाही तर नवा बेल्ट काही दिवसांतच खराब होईल.

नवा बेल्ट आणि एक नट

बेल्टवर बाण असेल, तर तो चाक पुढे फिरते त्या दिशेला असावा. बाण नसेल, तर बेल्टवरील अक्षरे बाहेर उभे राहून सरळ वाचता येतील अशा रीतीने तो बसविण्याचा प्रघात आहे. मागच्या पुलीच्या तबकड्या हाताने फाकवून बेल्ट त्यांच्यामध्ये शक्य तितका खोल बसवावा. नंतर हा भाग दांड्यावर चढवावा, वाटी लावावी आणि तिचा नट पुस्तिकेतील टॉर्कप्रमाणे आवळावा.

यानंतरची पायरी या संपूर्ण कामातील सर्वांत नाजूक होय. पुढे बेल्ट मधल्या नळीवर, अगदी आसाजवळ, सैल लोंबत असला पाहिजे. तो ताणलेला असेल, तर दोन तबकड्यांच्या मध्ये वर अडकून राहतो. अशा स्थितीत बाहेरची तबकडी लावून नट आवळला, तर हाताला तो घट्ट लागतो. प्रत्यक्षात ती तबकडी नळीला टेकलेलीच नसते; तिच्या आणि नळीच्या मध्ये चिमटलेला बेल्ट तिला अडवून धरत असतो. गाडी सुरू झाली, की बेल्ट आपली जागा घेतो, नटावरचा दाब नाहीसा होतो आणि तबकडी क्रँकच्या खाचांवर खुळखुळू लागते. काही किलोमीटरमध्ये त्या खाचा घासून जातात. बेल्ट बदलण्याचे काम मग क्रँक बदलण्यावर जाते आणि त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते. होणारा खर्च बेल्टच्या किमतीच्या कित्येक पट असतो. घरी केलेल्या कामातील सर्वांत महाग चूक हीच.

ती टाळण्याचा मार्ग सोपा आहे. बाहेरची तबकडी लावण्यापूर्वी मागे बेल्ट पुन्हा एकदा दाबून खोल उतरवावा. तबकडी हातानेच सरळ आत सरकवावी. तिच्या खाचा क्रँकच्या खाचांत बसल्या आहेत आणि ती नळीच्या टोकाला टेकली आहे, याची डोळ्यांनी खात्री करावी. नट आधी बोटांनी फिरवावा. तो अडखळला, तर पाना लावण्याऐवजी पुन्हा काढून पाहावा. आवळताना बेल्ट मोकळा हलतो की नाही, हे मधूनमधून तपासावे. अखेरीस होल्डरने तबकडी धरून टॉर्क रेंचने नट पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळावा. अंदाजाने अधिक जोर लावल्यास आटे ताणले जातात. नंतर पुढची पुली हाताने काही वेळा फिरवावी. मागचा बेल्ट हळूहळू वर येऊन ताणला जाईल. बाहेरची तबकडी हाताने हलवून पाहावी. ती तसूभरही हलता कामा नये.

झाकणाचे गॅस्केट फाटले असेल, तर नवे घालावे. पिना जागेवर असल्याची खात्री करून सर्व बोल्ट आधी हाताने लावावेत आणि नंतर समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत.

पहिली चाचणी

झाकण लावल्याशिवाय इंजिन सुरू करून पाहू नये. फिरत्या बेल्टमध्ये ओढणी, बाही किंवा बोट सापडण्यास क्षणही लागत नाही. गाडी डबल स्टँडवर, मागचे चाक अधांतरी ठेवून सुरू करावी आणि मंद गतीवर चालू द्यावी. मूठ हळूच पिळली असता चाक सुरळीत फिरले पाहिजे. खडखड किंवा लोखंड घासल्याचा आवाज आला, तर गाडी तत्काळ बंद करून झाकण पुन्हा उघडावे. ब्रेक दाबून धरून जोरात रेस देण्याचा प्रयोग करू नये. त्याने बेल्ट आणि क्लच दोन्ही तापतात.

नंतर आठ-दहा किलोमीटर एकट्याने, वर्दळ नसलेल्या रस्त्यावर, शांतपणे गाडी चालवावी. सुरुवातीला किंचित आवाज येऊन तो थांबला, तर काळजीचे कारण नाही. आवाज वाढत गेला किंवा धक्के बसू लागले, तर पुढे न जाता जाणकार मेकॅनिकला दाखवावे.

मोटारसायकल आणि विजेवरील दुचाकी

वरील पद्धत पेट्रोलच्या गियरलेस स्कूटरपुरतीच लागू आहे. काही मोटारसायकलींमध्ये साखळीऐवजी मागच्या चाकापर्यंत जाणारा दातेरी बेल्ट असतो. हार्ले-डेव्हिडसनने १९८० सालच्या ‘स्टर्जिस’ मॉडेलमध्ये तो वापरला. भारतीय बाजारात ‘एथर ४५०’ ही विजेवरील स्कूटर आणि ‘रिव्होल्ट आरव्ही ४००’ ही मोटारसायकल याच पद्धतीने चाक फिरवते. हा बेल्ट घसरून नव्हे, तर दात्यांत दाते अडकवून ओढतो. त्यामुळे त्याचा ताण आणि दोन्ही चक्रांची सरळ रेषा अचूक असावी लागते. साखळीला जोडकडी असते, ती उघडून साखळी काढता येते. बेल्ट मात्र अखंड असतो. काही मोटारसायकलींत तो ओवण्यासाठी मागच्या चाकाचा स्विंगआर्म सोडवावा लागतो. ते घरगुती काम नव्हे. विजेवरील वाहनांत तर बॅटरी आणि मोटरचा संबंध येत असल्याने सेवा केंद्राचाच मार्ग पत्करावा.

अखेरची नोंद

काम पूर्ण झाल्यावर तारीख आणि त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा कागदावर लिहून तो डिकीत, गाडीच्या कागदपत्रांजवळ ठेवावा. गाडी पुढे विकली गेली, तरी घेणाऱ्याला तो उपयोगी पडतो. जुना बेल्ट जाळू नये. रबराचा धूर घातक असतो. तो कोरड्या कचऱ्यात द्यावा.

ज्यांना हे वाचून काम स्वतः करावेसे वाटत नाही, त्यांनाही या माहितीचा एक उपयोग आहे. गॅरेजमध्ये गाडी दिल्यावर जुना बेल्ट परत मागावा, तो वाकवून पाहावा आणि पुढचा नट टॉर्क रेंचने आवळला का, एवढे विचारावे. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही.